पत्त्यासकट प्रार्थना

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

प्रभूत सलाम. पाकिटावरचा पत्ता बघूनच तू कपाळाला हात लावला असशील. हो, बेकरी सुटली. म्हणजे मी सोडली. मालकीणबाई प्रत्येक पाव असा दाबून बघायच्या की त्या पावाची मला दया यायची, आणि एकदा दया यायला लागली की त्या जागी माझं मन लागत नाही. ते असो.

आता मी एका मोठ्या लाँड्रीत आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ट्रक भरभरून येतात. एक गरम रोलर आहे, आपल्या जेवणाच्या खोलीएवढा लांब. दोघीजणी एका बाजूने ओली चादर आत सोडतात आणि पलीकडे दोघी ती कोरडी, कडक होऊन आलेली पकडतात. मी पलीकडे असते. पहिल्याच दिवशी बोटं भाजली. तू "हिचं चित्त थाऱ्यावर नसतं" म्हणायचीस ना, ते त्या रोलरलाही लगेच कळलं.

राहायची सोय झालीय. खोली छान उबदार आहे. काळजी करू नकोस.

आणि चर्चही शोधलं, तू विचारायच्या आधी सांगते. एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर भरतं. उपदेशाच्या मध्येच खालून कुणीतरी गाडीचा हॉर्न तपासतं आणि पाळकसाहेब "आमेन" म्हणून पुढे जातात. मंडळी बरी आहेत. म्हणजे तशी बरी. खजिनदारकाका उपदेशाला झोपतात. पाळकीणबाई अत्तराची अख्खी बाटली ओतून येतात. पुढच्या रांगेतल्या दोघी बहिणी गाताना एकमेकींवर कुरघोडी करतात. तुझ्याकडे वाढलेय, माझ्या नजरेतून काही सुटत नाही!

वाद्य एकही नाही. एक माणूस गाणं उचलतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग जातात. गंमत म्हणजे तो आमच्याच लाँड्रीत आहे. डॉक्टरांचे कोट आणि वेटरांचे शर्ट हाताने इस्त्री करतो, सगळे त्याला इस्त्रीकाका म्हणतात. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलत नाही. पण गाणं उचलतो तेव्हा वाटतं, हा माणूस आपल्यासाठी दार उघडून धरतोय आणि आपण नुसतं आत जायचंय.

पण आत्या, ऐक. परवा शनिवारी संध्याकाळी मी त्याला कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून बाहेर येताना पाहिलं. पिशवीत बाटली. काचेचा आवाज मला ओळखता येतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस पहिलं गीत उचलतोय! मी तर तोंडच उघडलं नाही. तू असतीस तर काय केलं असतंस?

दादाला, वहिनीला आणि छोटूला माझा सलाम.

तुझी,
भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पावाची दया येते आणि म्हाताऱ्या आत्याची येत नाही. बोटांना मलम लाव, टूथपेस्ट लावू नकोस, तुला ती खोड आहे.

त्या माणसाबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. मी असते तर गप्प बसले नसते. मंडळीत असं चालू दिलं तर उद्या मुलं काय शिकतील? अर्थात भांडायचं नाही. प्रार्थना करायची. तुमच्याकडे बुधवारी साखळी प्रार्थना होत असेलच, एकामागून एक सगळे मोठ्याने करतात ती. त्यात त्याच्यासाठी प्रार्थना कर. मोघम नको. मोघम प्रार्थना म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. मी आमच्या महिला मंडळात नेहमी स्पष्ट करते, आणि बायका नंतर येऊन हात धरतात.

इथे सगळं ठीक. सूनबाई छोटूला घेऊन माहेरी गेलीय, जरा हवापालट. दादा कामावर. घर कसं शांत आहे. स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तू ठेवली तिथेच सापडते, कितीतरी वर्षांनी.

खोली उबदार म्हणजे कशी? खिडकी आहे का? कोणाच्या घरात आहे? नीट लिही.

तुझी आत्या

३ मार्च

प्रिय आत्या,

केलं. तू सांगितलंस तसंच केलं.

बुधवारी आम्ही सगळे खुर्च्या गोल करून बसलो होतो. खजिनदारकाकांनी देशासाठी प्रार्थना केली, पाळकीणबाईंनी आजाऱ्यांसाठी, बहिणींनी एकमेकींसाठी (त्यातही कुरघोडी). मग माझी पाळी. हृदय असं धडधडत होतं की मला वाटलं हीच पवित्र आत्म्याची खूण. मी म्हणाले, "प्रभू, आमच्यातल्या एका बंधूला तू पाहतोस. तो रविवारी तुझी गाणी उचलतो आणि शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली उचलतो. प्रभू, जसे तो दुसऱ्यांचे कोट सरळ करतो तसे तू त्याचे मार्ग सरळ कर." हे कोटाचं मला आयत्या वेळी सुचलं. आमेन इतक्या जोरात आलं की खालच्या गॅरेजवाल्यानेही म्हटलं असेल.

शेवटी गीत असतं. सगळे थांबले. कोणीच उचलेना. मग मोठ्या बहिणीने उचललं, पण इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे पकडलेल्या कोंबड्यांसारखे ओरडत होतो. मला हसू येत होतं आणि हसू येण्यासारखं काही वाटतही नव्हतं. असं कसं होतं गं?

तो मान खाली घालून बसला होता. जाताना त्याने खुर्च्या रचल्या, नेहमीसारख्याच. पाळकीणबाईंनी माझा हात धरला, तू म्हणतेस तसा. त्यांचं अत्तर दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला होतं.

मला वाटतं प्रभू त्याच्या अंतःकरणात काम करतोय. तुला काय वाटतं?

खोलीचं म्हणशील तर आता मी आमच्या सुपरवायझरबाईंच्या माळ्यावर राहते. खिडकी आहे. खिडकीतून एका शाळेचं मैदान दिसतं, तिथे एक मुलगा रोज एकटाच गोलकीपर होतो, समोर कोणी नसतानाही उड्या मारतो. मला तो फार आवडतो.

भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरी,

शाबास. तुझं पत्र मी महिला मंडळात वाचून दाखवलं. कोटाच्या वाक्याला सगळ्या हळहळल्या. आता मागे हटू नकोस. त्याने दारू सोडली का ते कळव, म्हणजे प्रार्थना फळली याची साक्ष म्हणून मंडळात सांगता येईल.

"आता" माळ्यावर राहते म्हणजे? आधी कुठे राहत होतीस?

सूनबाई अजून माहेरीच आहे. दादा तिथूनच कामाला जातो, त्याला जवळ पडतं. छोटूचा एक मोजा पलंगाखाली सापडला. धुऊन ठेवलाय.

शांतता बरी असते, पण रेडिओ लावून ठेवते.

तुझी आत्या

२ एप्रिल

प्रिय आत्या,

उशीर झाला. एक पत्र लिहिलं होतं, फाडलं. त्यात मी तुला पुढच्या गावाचा पत्ता कळवला होता. हो, पिशवी भरली होती. माझं तुला माहीतच आहे, कुठे जरा टोचायला लागलं की मला बसस्टँड आठवतो.

झालं असं, की इस्त्रीकाका चर्चला यायचा बंद झाला. आधी पाळकसाहेब त्याला म्हणाले, "काही दिवस गाण्याला विश्रांती घ्या." मग त्याने येण्यालाच विश्रांती दिली. दोन्ही बहिणी आळीपाळीने गाणं उचलतात आणि आम्ही आळीपाळीने पडतो. लाँड्रीत मात्र तो तसाच. मला बघून "चहा घेतलास?" विचारतो. शिव्या दिल्या असत्या तर मी निघून तरी गेले असते.

पिशवी घेऊन जिना उतरत होते तर सुपरवायझरबाईंनी अडवलं. "कुठे निघाली स्वारी?" मी म्हटलं, इथे मन लागत नाही. बाई म्हणाल्या, "सुरुवातीला गाठोड्यांच्या खोलीत झोपायचीस तेव्हा बरं मन लागायचं?"

आता तुला सांगतेच. मी आले तेव्हा राहायला जागा नव्हती. लाँड्रीत मागे एक खोली आहे, तिथे मळक्या चादरींची गाठोडी पडलेली असतात. सगळे गेले की मी तिथे झोपायचे. उबदार होती हे खोटं नव्हतं, बॉयलर भिंतीपलीकडेच आहे. मला वाटायचं कुणालाच ठाऊक नाही.

बाई म्हणाल्या, "मला थोड्याच दिवसांत कळलं. बाहेर काढणारच होते तुला. नियम आहे. तर तो इस्त्रीवाला माझ्यासमोर येऊन उभा. म्हणतो, बाई, त्या खोलीच्या कुलपाची चावी हरवलीय असं समजा की थोडे दिवस. मी म्हटलं, आणि चोरी झाली तर? तर म्हणतो, मळक्या चादरी कोण चोरणार, फार तर कोणीतरी त्यांच्यावर झोपेल. मग माझा माळा रिकामा आहे हेही त्यानेच सुचवलं. वर मला बजावलं, पोरीला सांगू नका, लाजेल."

आत्या, मी जिन्यात पिशवीवरच बसले. ज्या आठवड्यात मी त्याच्या पिशवीतल्या बाटलीचा आवाज ऐकला, त्याच आठवड्यात तो माझ्यासाठी चावी हरवत होता. माझी गोष्ट मंडळीत सांगायला कितीतरी चविष्ट होती. तरुण मुलगी, घर सोडलेली, चोरून झोपते. प्रार्थनेसाठी विषय म्हणून एकदम झकास! आणि तो बुधवारी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचा, आणि कधी चकार शब्द नाही.

मी पिशवी वर ठेवून कामावर गेले. त्या दिवशी रोलर बंद पडला होता, म्हणून चादरींच्या घड्या हाताने चालल्या होत्या. मोठी चादर एकट्याने होत नाही. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, आणि मग चालत एकमेकांसमोर यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. मी सरळ जाऊन त्याच्यासमोरची चादर धरली.

म्हटलं, "काका, त्या बुधवारी मी..."

"कोपरा वर घे, जमिनीला लागतोय."

घेतला. चालत जवळ आलो. "मी खोटं नव्हते बोलले, पण..."

"खोटं कोण म्हणतंय? बाटली माझीच होती. तू खरंच बोललीस." त्याने माझ्या हातातून कोपरे घेतले. "पण माझ्याशी नाही बोललीस. मी तिथेच बसलो होतो, पोरी."

नवी चादर. पुन्हा लांब गेलो. लांब असताना बोलता येत नाही, ओरडावं लागतं, आणि बाकीच्या बायका कान देऊन होत्या. जवळ आल्यावर मी विचारलं, "गाठोड्यांच्या खोलीचं तुम्ही खरंच कुणालाच नाही सांगितलं?"

"देवाला सांगितलं." कोपरे जुळवत म्हणाला, "तेही हळू."

मी तिथेच रडायला लागले. धुतलेल्या चादरीला डोळे पुसले, तर म्हणाला, "ही आता परत धुवावी लागणार, दवाखान्याची आहे." आणि पहिल्यांदा हसला.

"येत्या बुधवारी याल ना?"

"गळा बसलाय."

"नाही बसलेला. मघाशी इस्त्री करताना गुणगुणत होतात."

"मग बघू." पण तो आला नाही.

मी जात नाहीये, आत्या. पिशवी रिकामी केली. पण त्याला परत कसं आणायचं ते सुचत नाही. मी त्याला ज्या जागेवरून घालवलं तिथे तो माझ्या एकटीच्या माफीने कसा येईल? सल्ला हवाय. या वेळी कोणासाठी प्रार्थना कर असा नको.

तुझी,
भिंगरी

१९ एप्रिल

चि. भिंगरी,

तुझं पत्र महिला मंडळात वाचलेलं नाही. एकटीने वाचलं, चष्मा दोनदा पुसला.

मळक्या गाठोड्यांवर झोपत होतीस आणि मला उबदार म्हणून लिहीत होतीस. यासाठी तुला रागवायचं होतं. पण मीही तुला हवापालट म्हणून लिहीत होते.

सूनबाई हवापालटाला गेलेली नव्हती. मी मंडळात तिच्यासाठी प्रार्थना केली होती. प्रभू, माझी सून दिवसभर फोनवर असते, तिला लेकराकडे बघायची बुद्धी दे. स्पष्ट केली, माझ्या पद्धतीने. आमेन म्हणणाऱ्यांपैकीच कोणीतरी ती तिला दुकानात ऐकवली. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बोलता आलं असतं. छोटूचे कपडे भरले आणि गेली. दादा माझ्याशी बोलायचा, पण हवापाण्यावर.

तू विचारतेस कसं परत आणायचं. मला काय ठाऊक? मी आपली काल बसने तिच्या माहेरी गेले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, पहिल्या वाक्यात माझी माफी आणि दुसऱ्यात तिची चूक. तुझ्या त्या माणसाचं "माझ्याशी नाही बोललीस" आठवलं आणि दुसरं वाक्य दारातच सोडून दिलं. म्हटलं, "मी तुझ्याबद्दल बोलले, तुझ्याशी बोलायला हवं होतं. चुकलं माझं." तिने मला आत घेतलं. मग म्हणाली, "आई, चहा ठेवू?" मी म्हटलं, तू बस, मी ठेवते. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात मला साखर सापडेना. सगळे डबे उघडून झाले, तशी ती हसायला लागली. म्हणाली, "आता कळलं, तुमच्या घरात मला कसं होतं ते?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कोणाचा, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. बंद केलं, भिंगरी. देवाशपथ, जबडा दुखला.

रविवारी येईन म्हणाली. मंडळात जे बोलले ते मंडळातच परत घ्यायचं ठरवलंय. तूही तसंच कर. जिथे सांडलं तिथेच पुसायचं, माझ्याकडे याहून मोठा सल्ला नाही.

त्याने दारू सोडली का, हे मी विचारत नाही. (विचारायचं होतं.)

तुझी आत्या

७ मे

माझी आत्या,

मी पण नाही विचारलं. अजून मला ठाऊक नाही. तुझ्यासारखाच माझाही जबडा दुखतो.

तुझं पत्र आलं त्याच बुधवारी साखळीत माझी पाळी आली तेव्हा मी डोळे उघडे ठेवले. म्हटलं, "मागे मी इथे जी प्रार्थना केली, ती प्रार्थना नव्हती. देवाला ते आधीच माहीत होतं. डोळे मिटून मी तुमच्याशी बोलत होते. मला माफ करा." एवढंच. कोणी आमेन म्हणेना, कशाला आमेन म्हणायचं तेच कळेना. शेवटी झोपाळू खजिनदारकाका म्हणाले, "पोरगी एकटी नाही. आम्ही काय जोरात म्हटलं होतं आमेन! मी तर जागा होतो त्या दिवशी." हसू फुटलं सगळ्यांना, आणि पाळकीणबाई रडल्या. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आले. इस्त्रीच्या टेबलापाशी बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायला मी पुढे गेलेही नाही. (रोलरवर बोट भाजलं, इतकं लक्ष तिकडे होतं.)

मध्ये एक सांगते, नाहीतर विसरेन. ही खोड लगेच जात नाही गं. माणूस समोर आला की माझं डोकं आपोआप गुण द्यायला बसतं, आणि मी मार्क देण्यात फार कंजूष. म्हणून मी असं करते, की कोणाबद्दल काही मनात आलं की त्याच माणसाबद्दल एका गोष्टीसाठी आभार मानायचे, मगच पुढे जायचं. पाळकीणबाईंच्या अत्तरासाठी मानले, कारण लाँड्रीतून आल्यावर माझ्या नाकात फक्त धुण्याचा सोडा असतो. खजिनदारकाकांच्या वेळी फार शोधावं लागलं, पण ते जागे झाल्यावर ज्या निरागसपणे इकडेतिकडे बघतात, त्यासाठी मानले. बहिणींवर अजून काम चालू आहे. आणि तुझ्यासाठी तर यादीच झाली, पण ती लिहिली तर तू मंडळात वाचशील.

तर काल. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, आणि एक रिकामी. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिच्याकडेच बघत होते. पाळकसाहेबांनी सुरुवात करायला पुस्तक उघडलं आणि जिन्यावर पावलं वाजली. तो आला. अंगावर इस्त्री केलेला शर्ट, बाहीला एक चुकलेली घडी. बसला.

गाण्याची वेळ झाली. कोणी उचलेना. बहिणी, आत्या, त्या दोघी बहिणीसुद्धा! ओठ घट्ट मिटून मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. मी त्यांच्यासाठी तिथल्या तिथे आभार मानून टाकले. शांतता इतकी लांबली की खालचा मेकॅनिक पाना ठेवतो तो आवाज आला. मग त्याने घसा खाकरला. आणि उचललं. खालच्या पट्टीत, सगळ्यांना झेपेल असं. दुसऱ्या ओळीला आम्ही सगळे आत होतो.

त्यानंतर साखळी. तो आजवर कधीच मोठ्याने करत नसे, त्याची पाळी आली की शेजारच्याच्या हाताला हात लावून पुढे पाठवायचा. काल त्याच्या शेजारी मी होते. मी हाताची वाट बघत होते. हात आला नाही.

तो म्हणाला, "प्रभू, या मुलीबद्दल आभार."

मी पुढचं ऐकायला श्वास धरून बसले. आता बाकीचं येईल, म्हणजे खोली, गाठोडी, माझी जीभ, भरलेली पिशवी. त्याला सगळं ठाऊक होतं, पत्त्यासकट.

तो म्हणाला, "आमेन."

तुझी,
भिंगरी